सही, समोसा आणि सर्टिफिकेट

सिस्टर, ‘जीएनएमनंतर पुढे काय?’ (जीएनएम म्हणजे आपला नर्सिंगचा डिप्लोमा) या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत : शिकून पगार वाढत नाही, रजा मिळत नाही आणि सीएनई, म्हणजे नर्सचं नोकरीतलं सततचं शिक्षण, हे नुसतं सही, समोसा, सर्टिफिकेट.

समोशाचं मान्य. नाइट करून थेट हॉलमध्ये जाऊन मागच्या रांगेत मीही पेंगलेय. दर 5 वर्षांनी नर्स म्हणून नोंदणीचं नूतनीकरण येतं, त्यासाठी सीएनईचे तास भरावे लागतात, आपण भरतो. ब्रिटनमध्ये दर 3 वर्षांनी 35 तास लागतात, पण शिवाय शिकल्यावर कामात काय बदललं यावर 5 टिपणं स्वतः लिहायची. ती समोसा खाऊन होत नाहीत!

पण याच सीएनईच्या शेजारी मी लेखात क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या कामाचा, वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा मांडला, ही माझी चूक. दोन्हींची जातकुळीच वेगळी. डिप्लोम्याआधी व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजला की मी आवाज बंद करायचे आणि डॉक्टरांना फोन लावायचे. वर्ष संपेस्तोवर हात आपोआप चालायला लागले : पेशंटचा रंग आणि सॅच्युरेशन बघ, तो ट्यूब चावतोय का, नळ्यांचं सर्किट कुठे दुमडलंय का, पाणी साचलंय का, छातीत घरघर आहे का, सक्शन लागेल का. फोन तेव्हाही करायचे, पण काय झालंय ते सांगायला.

पगाराचं तुमचं खरं आहे. डिप्लोमा करून परतले तर माझ्या हॉस्पिटलने मला ओपीडीत बसवलं. आठ महिने टोकन पुकारलं. म्हणून आता सांगते, फी भरण्याआधी लेखी विचारा : नंतर पोस्टिंग कुठे, बाँड किती, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार का?

आणि डोळा पदवीवर किंवा शिकवण्यावर असेल तर डिप्लोम्याच्या वाटेला जाऊच नका. तुमच्यासाठी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सलाही आधी बीएस्सीच लागतं.

रजेवर मात्र लेखात अक्षरही नव्हतं, हे तुम्ही बरोबर पकडलंत. माझं ते वर्ष सासूबाईंनी मुलीला सांभाळलं म्हणून निघालं. ते लिहायला हवं होतं.

तुम्ही कुठल्या वॉर्डात आहात ते कळवा. जनरल वॉर्डात असाल तर आधी आयसीयूत बदली मागून सहा महिने काढून बघा, डिप्लोम्याचा फॉर्म नंतर भरता येईल.