मांडीवर फक्त एक फोटो

न्यूयॉर्कला लेकीकडे आल्यापासून माझ्याकडे दोनच खाती आहेत : वरण-भात आणि नातू. शनिवारी फर्मान निघालं, "आई, सेंट्रल पार्कात अँडरसनच्या मांडीवर बसवून ह्याचा एक फोटो काढ." एकच. म्हटलं, पाच मिनिटांचं काम!

हे अँडरसन म्हणजे डेन्मार्कचे परीकथावाले. १९५६ पासून तळ्याकाठच्या बाकावर पुतळा होऊन ऐसपैस बसलेत. शेजारी टोपी, मांडीवर उघडं पुस्तक, समोर त्यांच्याच गोष्टीतलं ब्राँझचं कुरूप बदक. ना उंच चौथरा, ना साखळी, ना गेल्या जयंतीचा वाळका हार. आपल्याकडे लेखकाला इतकं वर चढवतात, की कावळ्याशिवाय कुणी पोचत नाही. इथे मांडीवर तीन पोरं, एक दंडाला लोंबकळतंय आणि एक चक्क पुस्तकावर उभं. बुटांसकट!

पुस्तकाला पाय लागला की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. त्या दिवशी थांबेचना. पोरं चढतायत, मी नमस्कार करतेय. एका बाईंना तो तिथला रिवाज वाटला असावा. त्यांनी आपल्या मुलीलाही करायला लावला.

"बूट काढ आधी," मी नातवाला दटावलं.

"आजी, हा बाप्पा नाहीये."

"पुस्तक तर आहे ना?"

त्याने काढले. मी ते बदकाशेजारी नीट जोडीने ठेवले. आता फोटो. मी बटण दाबायला आणि मध्ये परकं डोकं उगवायला एकच गाठ. कुणाला हाकलायचीही सोय नाही, कारण ह्या पुतळ्यासाठी डेन्मार्कच्या आणि अमेरिकेच्या शाळकरी मुलांनी वर्गणी दिली होती. म्हणजे मालकी पोरांचीच! त्यातच तीन कुटुंबांनी आपापले फोन माझ्या हातात दिले. म्हातारी मोकळीच दिसत होती. त्यांचे फोटो झकास आले. आमच्यात नातवाचं अर्धं कपाळ आणि कुणाचीतरी गुलाबी टोपी.

पाऊण तासाने त्याला खाली उतरवला, तर बदकाशेजारी एकच बूट. दुसरा बाकाखाली पाहिला, बाबागाड्यांखाली पाहिला, तळ्यातसुद्धा डोकावले. कडेवर पाच वर्षांचं धूड घेऊन घरी आले.

संध्याकाळी जावई कौतुकाने सांगत होते, "आई, १९७३ मध्ये ते बदकच चोरीला गेलं होतं, माहितीये? पण सापडलं हं परत."

बदक सापडलं. बुटाचं अजून काही कळलेलं नाही.