वांगी म्हणजे नेमकं कुठलं वांगं

पार्सल परत आलं की आमची ही ते लगेच उघडत नाही. आधी चहा टाकते. चहा घेता घेता पाकीट हातावर तोलते आणि आत कुठली साडी आहे ते सांगते.

"वांगी. कोथरूडच्या काकूंची."

आत साडी होती, बुगडीच्या किनारीची, घडी मोडलेली. सोबत चिठ्ठी. "साडी फार गोड आहे. पण मी वांगी मागवली होती, ही जांभळी आहे."

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. ही महिन्यातून दोनदा जाते, विणकरांच्या घरी मांडी घालून बसते, साड्या निवडते आणि व्हॉट्सॲपवर पुण्या-मुंबईच्या बायकांना विकते. निवड, भाव आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हे तिचं खातं. फोटो माझं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एखादं खातं द्यावंच लागतं, नाहीतर तो स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतो.

मी काकूंना फोन लावला. "काकू, वांगी म्हणजे कुठलं वांगं? भरताचं की भरल्या वांग्याचं?"

पलीकडे बराच वेळ विचार चालला. मग उत्तर आलं, "भरल्या वांग्याचं. पण देठाकडचं नव्हे हं, बुडाकडचं."

मी तीस वर्षं बँकेत काढली. दहा पैशांचा फरक लागला तरी तो सापडेपर्यंत घरी गेलो नाही. आता माझ्याच घरातून एक रंग निघत होता आणि कोथरूडला दुसरा पोचत होता. सरळसरळ अफरातफर. मी चौकशी लावली.

पहिला संशयित फोनचा कॅमेरा. त्याची एक ढोबळ समजूत असते, की समोरचे सगळे रंग एकत्र कालवले तर करडा यायला हवा. चौकटभर कुंकवासारखी लाल साडी पसरली की त्याला वाटतं, हा लालपणा दिव्याचा. आणि तो मुकाट्याने लाल काढून घेतो. हळदी साडीतली हळद काढतो. उजेडाचंही तेच. मोतिया साडी ठेवली तर उजेड फार झाला म्हणून तिला मळवतो, गडद ठेवली तर अंधार समजून उजळवतो. सगळ्यांच्या गोपनीय अहवालात 'समाधानकारक' लिहून मोकळा होणारा एक शाखाधिकारी मला भेटला होता. त्याची आठवण झाली.

यावर उपाय असा, की साडीशेजारी असं काहीतरी ठेवायचं ज्याचा रंग आधीच पक्का ठाऊक आहे. पांढरा कागद चालेल असं मला वाटलं होतं. चालत नाही. हल्लीच्या कागदात तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून निळसर चमक मारणारी द्रव्यं घालतात. आजोबांच्या धोतराला नीळ घालायचे त्याच हेतूने. म्हणून करडं कार्ड लागतं, अंगावर पडलेल्या उजेडातला अठरा टक्के परत करणारं. आणि त्याच्या वरची पायरी म्हणजे रंगपट्टी. १९७६ सालापासून चालत आलेली चोवीस चौकोनांची मांडणी. पहिले दोन चौकोन माणसाच्या कातडीचे, एक सावळा, एक गोरा. मग आभाळ, झाडाचं पान, निळं फूल असं करत खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या. प्रत्येक चौकोनाचे आकडे जाहीर आहेत. फोटोत ते किती आले ते बघायचं, फरक काढायचा आणि तोच फरक साडीवरून वळता करायचा. हे काम सॉफ्टवेअर करतं. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. लेजर एका हातात, पासबुक दुसऱ्या.

पट्टीची किंमत मी हिला सांगितली नाही. आईने बिल पाहिलं.

"एवढ्या पैशात शेडकार्ड? रंगवाला फुकट देतो." मग चष्मा लावून तिने पट्टी नीट पाहिली. "आणि चोवीसच शेड! पण हॉलला हा बरा दिसेल." असं म्हणून तिने तिसऱ्या ओळीतल्या पिवळ्यावर बोट टेकवलं.

या चौकोनांना बोट लावायचं नसतं. त्वचेचं तेल लागलं तरी आकडा हलतो. आईच्या बोटाला सकाळच्या पोह्यांवरचा जीरावन मसाला होता. आमच्या पट्टीतल्या पिवळ्याला आजही किंचित इंदुरी छटा आहे आणि अख्ख्या जगात ती फक्त आमच्याकडे मिळेल.

पट्टी आली, तरी राणी रंगाची साडी विटकरीच दिसत होती. चौकशी दिव्यांकडे वळली. आमच्या हॉलमध्ये एका बाजूने खिडकीचा उजेड, डोक्यावर पांढरी ट्यूब आणि देव्हाऱ्याशी पिवळा बल्ब. साडीच्या पदरावर एक हवामान, निऱ्यांवर दुसरं. शिवाय हिरवे पडदे. त्या पडद्यांचा हिरवा रंग मोतिया साडीवर असा सांडत होता, की फोटोत ती पिस्ता दिसायची आणि पिस्ता म्हणून विकलीही जायची. ती परत यायची तेव्हा आम्ही सांगलीच्या वहिनींच्या नजरेला नावं ठेवायचो. वहिनी, माफ करा.

पडदे गेले, त्यांच्या जागी करड्या चादरी आल्या. ("सुतक आहे का घरात?" आई.) मग दिवा. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल फार तुटपुंजा असतो. दिव्यातच लाल नाही तर साडी तो कुठून परत करणार? राजवाड्याजवळच्या दुकानात जाऊन मी म्हटलं, रंग खरे दाखवणारा दिवा द्या, रेंडरिंग पंचाण्णवच्या वर हवं. दुकानदाराने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "भिया, सफेद चाहिए कि पीला?"

ही सगळी खटपट आई खुर्चीवरून बघत होती. शेवटी म्हणाली, "आम्ही साडी उचलायचो आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बघायचो. फॉलसुद्धा कधी ट्यूबखाली जुळवायचा नाही. दुकानात जुळतो, घरी येऊन बघावं तर वेगळाच."

दोन कापडं एका उजेडात अगदी जुळावीत आणि दुसऱ्यात फटकून वागावीत, याला मेटामेरिझम म्हणतात. मी ते तीन रात्री जागून वाचलं होतं. आईने क्लॉथ मार्केटात ब्लाउजपीस घेता घेता शिकून टाकलं होतं. मी काही बोललो नाही. साडी घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेलो.

राहिला मॉनिटर. तो मुलाने पुण्याला जाताना मागे सोडलेला. मी ज्या पडद्यावर रंग सुधारत होतो तोच खोटा असेल तर सगळाच आनंद. त्यासाठी एक यंत्र मिळतं. संगणकाच्या माउससारखं, वायरला मागे एक वजन, ते पडद्यावरून पलीकडे सोडायचं म्हणजे यंत्र काचेला चिकटून लटकतं. आधी मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा. मग यंत्राच्या पोटाखाली पडदा लाल, हिरवा, निळा, करडा असे रंग एकामागून एक दाखवतो आणि यंत्र ते मोजतं.

"ताप बघताय का त्याचा?" आईने विचारलं.

एका अर्थी हो. पांढऱ्या रंगाचंही तापमान असतं, केल्विनमध्ये; पडद्याला ६५०० हवं. मात्र इथे आकडा वाढला की रंग थंड, निळा होतो आणि उतरला की उबदार, पिवळा. हे आईला समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मलाच ते दर वेळी बोटांवर मोजावं लागतं.

या कामाचे दोन भाग असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला ठरलेल्या वळणावर आणणं. प्रोफाइल म्हणजे एवढं करूनही ते जसं उरलं तसं लिहून ठेवणं, आणि पुढे ते धरून वागणं. लग्नात पहिली चार-पाच वर्षं कॅलिब्रेशनमध्ये जातात. मग माणूस प्रोफाइलवर येतो.

यंत्राने निकाल दिला. आमचा मॉनिटर आजवर निळा आणि भगभगीत होता. आता पांढरा ६५०० वर, उजेड १२० कँडेलावर. घरातल्या सगळ्यांनी येऊन पाहिलं.

"कावीळ झाल्यासारखा दिसतोय," ही म्हणाली.

"पैसे देऊन मंद करून घेतला," आई म्हणाली.

दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते, मी म्हटलं. झालीही. आता दुसऱ्यांच्या घरातले सगळे मॉनिटर मला निळे दिसतात आणि मी तसं बोलून दाखवतो. आम्हाला चहाला बोलावणं कमी झालंय.

यानंतरचा घोळ पूर्णपणे माझा. फोटो साठवताना त्यात कुठले रंग मावतील ते ठरवणारी एक रंगपेटी निवडावी लागते. मी उत्साहाच्या भरात मोठी निवडली, अडोबी आरजीबी. मोठी ती चांगली, हा बँकेतला ठेवींचा नियम. पण साध्या ॲपना तिची भाषा कळत नाही. ती सगळं १९९६ सालच्या एसआरजीबीत वाचतात. ग्रुपवर गेलेल्या अठरा साड्या दहा वेळा धुतल्यासारख्या दिसत होत्या. मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं, "जुन्या आहेत का? मग भाव कमी करा." मुकाट्याने एसआरजीबीवर आलो. तिथेही मोरपंखी अडली. त्या हिरव्यानिळ्याच्या काही गडद छटा या पेटीत मावतच नाहीत. पट्टी लावा, यंत्र लावा, पडदा तो रंग दाखवू शकत नाही. त्यातून माहेश्वरीचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. मान वळवली की झाक बदलते. मोरपंखीच्या फोटोखाली ही आता लिहिते, "फोटोवर जाऊ नका, माझ्यावर विश्वास ठेवा." आणि तीच सगळ्यात आधी संपते. त्या ओळीबद्दल मला काय वाटतं, ते कोणी विचारलेलं नाही.

दोन रंगांतला फरक मोजायलाही आकडा आहे, डेल्टा ई. एकच्या खाली असला तर डोळ्याला सहसा कळत नाही. मी कोथरूडच्या वांगी साडीचा नवा फोटो काढला, पडद्यावर आणला, शेजारी साडी धरली आणि हिला हाक मारली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"बुडाकडचं," ती म्हणाली.

तीस वर्षांत इतका स्वच्छ ताळेबंद मी पाहिला नव्हता. काकूंच्या फोनवर रात्रीचा पिवळा पडदा कायमचा चालू असतो आणि तो त्यांना बंद करता येत नाही, हे नंतर कळलं. तो दोष माझ्या शाखेचा नव्हता.

मग आमसुली साडी आली. इतकी सुरेख, की मी तिच्यासाठी पट्टी नव्याने पुसली. खिडकी, करडी चादर, ठरवून दिलेला व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला आधीच सांगणं), एसआरजीबी, सगळं शास्त्रानुसार. फोटो आणि साडी यांत तसूभर फरक नव्हता. नाशिकच्या एका बाईंनी दहा मिनिटांत उचलली. त्या आमच्या दोन वर्षांच्या गिऱ्हाईक. आजवर एकही साडी परत न करणाऱ्या.

आठव्या दिवशी पार्सल परत. हिने चहा टाकला. मी चहा न घेताच फोन लावला.

"काही खराबी निघाली का?"

"छे हो. साडी छान आहे."

"मग रंग फोटोसारखा नाही का?"

"अगदी फोटोसारखाच आहे. तोच तर घोटाळा. तुमच्या फोटोत गडद रंग नेहमी दोन घर फिके येतात, मला आता अंदाज आलाय. त्या हिशोबाने मी मनात गडद धरला होता. आणि आली ती फोटोतल्यासारखीच."

मी फोन ठेवला. ही पाकीट हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"अहो," ती म्हणाली, "तो जुना फोन कुठे ठेवलात?"