वादग्रस्त पडवीत बसून

काल दुपारी आमच्या अपिलावर कार्यालयाची हरकत आली. ती ऑनलाइन आली, पडद्यावर तांबड्या अक्षरांत आली, आणि तिचा आशय असा होता की ऑनलाइन दाखल केलेल्या अपिलाच्या छापील प्रती, पानांवर क्रमांक घालून व दोऱ्याने शिवून, तातडीने आणून द्याव्यात. मी खिडकीशी जाऊन विचारणा केली, तेव्हा आतला मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘‘साहेब, ऑनलाइन ते ऑनलाइन. पण वाचायला कागद लागतोच ना?’’ तो नम्र असल्यामुळे मला भांडताही आले नाही. उद्धट माणसाशी भांडण्याचे शिक्षण आम्हां वकिलांना असते. नम्र माणसापुढे आमचा धंदा चालत नाही.

ज्या अपिलाच्या छापील प्रती आता हव्या आहेत ते ऑनलाइन कसे दाखल झाले, हे त्या मुलाला ठाऊक नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो.

प्रकरण साधे आहे, म्हणजे सिंधुदुर्गातले आहे: एक घर, एक पडवी, काही हापूसची कलमे आणि पुष्कळ भाऊबंद. वाटपाच्या दाव्यात खालच्या न्यायालयाने पडवी थोरल्या भावाला दिली. मयत धाकट्या भावाची विधवा, म्हणजे काकी, ही माझी पक्षकार. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते, आणि हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. मात्र कोकणातला पक्षकार ही मुदत पिढ्यान्‌पिढ्या एकाच पद्धतीने वापरतो. मुंबईच्या मुलाला विचारतो, मुलगा सासऱ्यांना विचारतो, सासरे ‘चतुर्थीनंतर बघू’ म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी वकिलाला फोन येतो. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तो करणे म्हणजे विरुद्ध पक्षाला फुकट हरकत देणे. तेव्हा त्याच दिवशी, लॅपटॉप पिशवीत गुंडाळून, भर पावसात मी काकींच्या वाडीवर गेलो.

जाण्याचे कारण सही. काकींचा पाय मोडलेला असल्याने त्या तालुक्याला येऊ शकत नव्हत्या. स्कॅन केलेली सही अस्पष्ट असल्याची हरकत पूर्वी एकदा निघाली असल्यामुळे, या वेळी आधारवर आधारलेली इलेक्ट्रॉनिक सहीच घ्यायची, असा माझ्या ज्युनियरचा आग्रह होता. माझा ज्युनियर हुशार आहे. तो स्वतः वाडीवर येत नाही. ही सही अशी होते की पक्षकाराच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो काही मिनिटांत भरावा लागतो, आणि मग संगणक असे मानतो की त्या व्यक्तीने समोर बसून सही केली. काकींच्या आधारला जोडलेला मोबाइल त्यांच्या मुलाच्या खिशात होता, मुलगा डोंबिवलीच्या लोकलमध्ये होता, आणि काकींच्या घरात मोबाइलला रेंज नव्हती. डोंगराच्या त्या कुशीत रेंज एकाच ठिकाणी येते. ते ठिकाण म्हणजे वादग्रस्त पडवी.

पडवीत दाजी बसले होते. दाजी म्हणजे काकींचे थोरले दीर, आमच्या अपिलातले जाबदार क्रमांक तीन, टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी नातवंडांसाठी फायबरचे कनेक्शन घेतले असून राऊटर तुळशीच्या माळेशेजारी एकाच खुंटीला टांगला आहे. मला चिखलात उभा पाहून ते म्हणाले, ‘‘येवा वकिलानू, येवा. पावसात भिजत कित्याक रवल्यात? नेट होया तर माझा आसा.’’

मी काय काम आहे ते सांगितले. लपवण्यात अर्थ नव्हता, कारण काकी कुबडीवर टेकून माझ्या मागे उभ्या होत्या. दाजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘करा, माझ्यावर अपील करा. माझी हरकत नाय. पण बसण्याआधी एक कागद लिवन देवा, परवानगेन बसलंव म्हणान.’’

मी अवाक् झालो. हा मनुष्य आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटिसा वाटत आला होता, आणि त्या वाटता वाटता कायदा शिकला होता. दुसऱ्याच्या जागेत मालकाविरुद्ध उघडपणे १२ वर्षे ताबा ठेवला तर मालकाचा हक्क जाऊ शकतो. परवानगीने बसलेल्याला मात्र असा दावा सांगता येत नाही. ‘‘दाजी, मी अर्धा तास बसणार आहे,’’ मी म्हणालो. ‘‘सुरवात अर्ध्या तासानच होता,’’ दाजी म्हणाले. मी कागद लिहून दिला नाही, कारण तो दिला असता तर पडवी त्यांची असल्याची कबुली माझ्याच हस्ताक्षरात गेली असती. शेवटी ‘दोन्ही पक्षांचे हक्क अबाधित ठेवून’ असे तोंडी ठरले आणि मला पायरीच्या कडेला, अर्धा ओला आणि अर्धा सुका, असा बसू देण्यात आले.

येथे एक शंका मला छळू लागली. विरुद्ध पक्षाने वकील दिलेला असेल तर वादाच्या विषयावर त्या पक्षाशी थेट बोलू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मी दाजींशी बोलत नव्हतो. मी त्यांच्याकडून वाय-फायचा पासवर्ड घेत होतो. पासवर्ड हा वादाचा विषय होतो का? तो ‘पडवीमाझी’ असा असेल तर होतो. तो तसाच होता.

काकी आणि दाजी एकमेकांशी बोलत नाहीत. पूर्वी जेठ-भावजयीच्या मर्यादेमुळे बोलत नसत, आता दाव्यामुळे बोलत नाहीत. सवय मोडावी लागली नाही. त्यामुळे सगळे संभाषण माझ्यामार्फत झाले. ‘‘तिका सांगा, च्या ठेवलली आसा,’’ असे दाजी माझ्याकडे बघून म्हणाले. ‘‘त्यांका सांगा, माज्याच पडवीत बसान त्यांची च्या मी पिवचंय नाय,’’ असे काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या. चहा मग मी प्यायलो.

फाइल चढत होती तोवर दाजी माझ्या खांद्यावरून अपील वाचू लागले. विरुद्ध पक्षाने अपील दाखल होण्याआधीच त्याची छाननी करण्याचा प्रसंग माझ्या माहितीत दुसरा नाही. ‘‘वय चुकला हा,’’ ते म्हणाले, ‘‘एकाहत्तर नाय, त्र्याहत्तर.’’ मी दुरुस्ती केली. ‘‘आनी माका तिसरो कित्याक घातल्यात? घरात थोरलो मी.’’ नावांचा क्रम सातबाऱ्यावरून घेतल्याचे मी सांगितले. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर तलाठ्याच्या सहीची गरज लागत नाही, हेही उत्साहाच्या भरात सांगितले. ‘‘म्हणजे पंदरा रुपये घेवन सरकार माका तिसरो करता,’’ दाजी म्हणाले. त्यांना याचे खरेच वाईट वाटले.

मग त्यांनी आपले नाव कुठे कुठे आले आहे ते शोधून दाखवायला सांगितले. अपिलात ते सापडले. सोबत जोडलेल्या मूळ दाव्यात मात्र शोध घेतला तर एकदाही सापडेना. ‘‘बघा! दाव्यात माझा नाव खंयच नाय. मगे माका कोर्टात कशाक ओढल्यात?’’ दाजींचा चेहरा उजळला. नाव तर त्या पानावर ठळक अक्षरांत डोळ्यांसमोर होते. त्याचे असे आहे की राज्य सरकारने १९९८ मध्ये जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, पण ती मराठी आमच्या टंकलेखकांनी जुन्या फाँटांत टंकित केली. त्या फाँटांत दिसायला देवनागरी असते, संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरे आणि खुणा असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे. आमच्या तालुक्यात ही बातमी बऱ्याच उशिरा आली. आता शोधता येईल अशीच पीडीएफ द्या असे सांगितले जाते, आणि कपाट भरून असलेली माझी जुनी प्रकरणे संगणकाच्या दृष्टीने निव्वळ बडबड आहेत. ती पुन्हा टंकित करण्याची फी कोणता पक्षकार देतो? हे विचारणारे परिपत्रक अजून निघालेले नाही.

‘‘मी मोबाईलाक इचारलंय,’’ दाजींनी मध्येच जाहीर केले, ‘‘तो म्हणता, तुमचा अपील टिकाचा नाय.’’ त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, एक निवाडाही दिला होता. त्यातला पक्षकार सावंतवाडीचा, खटला पडवीचा आणि निकाल दाजींच्या बाजूने. असा निवाडा अस्तित्वात नाही, हे मी तत्काळ ओळखले आणि काही बोललो नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. दाजींच्या वकिलांनी तो निवाडा जरूर द्यावा, अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे.

एवढ्यात ओटीपी निघाला. काकींच्या मुलाला मी फोन केला. ‘‘कोण बोलतंय?’’ मी नाव सांगितले. ‘‘तुम्हीच बोलताय कशावरून?’’ या मुलाच्या बारशाला मी गेलो होतो. ‘‘काका, राग मानू नका, पण मेसेजमध्ये लिहिलंय, ओटीपी कोणालाही सांगू नका.’’ मी त्याला समजावत असताना मुंब्र्याचा बोगदा आला आणि फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा ओटीपीची वेळ संपली होती. दुसरा मागवला, तो येईना.

दाजी विचारात पडले होते. ‘‘वकिलानू,’’ ते म्हणाले, ‘‘रजिस्टर पत्र बराबर पत्त्यार टपालात टाकला, म्हणजे गावला असा कोर्ट मानता ना?’’ मानते; १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७. ‘‘मगे ह्यो ओटीपी गावलो असो मानूक कोर्टाचा काय जाता?’’

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. ज्या खात्याच्या पोचपावतीवर सव्वाशे वर्षे निकाल झाले, त्या खात्याचे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, याचे दुःख दाजी त्यानंतर बराच वेळ सांगत होते आणि मी ते मनापासून ऐकत होतो. पडवी कोणाचीही असो, त्या पाच मिनिटांत आमचा पक्ष एकच होता.

मधल्या वेळात काकींनी दुसरा मोबाइल काढून एक चित्रफीत दाखवली. तीत दाजी कलमाची फांदी तोडत होते. ‘‘ह्या पण घाला,’’ काकी म्हणाल्या. मी समजावले की १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य म्हणजे अंकाक्षरांची एक लांबलचक ओळ लिहावी लागते. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती सारी ओळ बदलते. तज्ज्ञ कुठून आणावा हे कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले नाही. आमच्या तालुक्यात तो एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करतो. ‘‘आनी फोटोक पण ह्याच लागता?’’ दाजींनी विचारले. लागते, मी म्हणालो. त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढून त्यावर टिपून घेतले. माझ्या बेसावधपणाचे हेच एक उदाहरण मला मान्य नाही. प्रश्न कायद्याचा होता आणि मी कायद्याचे उत्तर दिले.

तिसरा ओटीपी पोचला, सही झाली, अपील रात्री उशिरा दाखल झाले. निघताना दाजी दिव्यासह बाहेर आले. ‘‘हरल्यात तरी वायट वाटान घेव नकात. आता कोल्हापुराक हायकोर्टाचा खंडपीठ झाला. घाट चढलो की कोर्ट, आनी अंबाबाईचा दर्शन पण होतला.’’ ते खरे आहे. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. आता हरण्यासाठी मुंबईला जावे लागत नाही.

न्यायालयांच्या डिजिटलीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. रक्कम मोठी आहे, हेतू चांगला आहे, आणि मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. तारीख मोबाइलवर कळते म्हणून माझे कितीतरी हेलपाटे वाचले आहेत. पण कागदाचे काम गेले नाही आणि पडद्याचे काम वाढले, हे कोणीतरी एकदा लिहून घ्यायला हवे. स्कॅनर मी घ्यायचा, सहीचे टोकन मी घ्यायचे, मुदत संपताच ते पुन्हा मीच घ्यायचे, आणि एवढे झाल्यावर प्रिंटरही मीच घ्यायचा. पावसाळ्यात कोकणातला कागद सर्द होऊन प्रिंटरमध्ये दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. शिवलेल्या प्रतीत एखादे पान कमी निघाले की त्याची हरकत पुन्हा ऑनलाइन येते.

आज सकाळी मी प्रती शिवत असताना दाजींच्या वकिलांचा अर्ज माझ्या मोबाइलवर आला. अपीलकर्तीचे वकील जाबदार क्रमांक तीन यांच्या परवानगीने सदर पडवीत बसले होते आणि त्यांनी जाबदारांचा चहा घेतला, सबब पडवीवरील जाबदारांचा ताबा अपीलकर्तीस मान्य आहे, असे त्यात म्हटले आहे. सोबत माझे छायाचित्र जोडले आहे. त्यात माझ्या हातात कप आहे आणि चेहरा तृप्त आहे. कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन्ही भागांसह निर्दोष आहे, हॅश मूल्य टंकित आहे, आणि तज्ज्ञ म्हणून एसटी स्टँडसमोरच्या मुलाची सही आहे. माझ्या प्रमाणपत्रासाठी तो मला गेला महिनाभर ‘उद्या या’ असे सांगत आहे.