ताकदीची बाटली

गेली १२ वर्षं मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज चाळीस-पन्नास हातांना टर्निकेट बांधते. काही बायकांचा हात हातात घेतला की न सांगता कळतं. कोपराच्या खाचेतली शीर बोटाखाली दोरीसारखी लागते, कडक, सुई टोचली की बाजूला सरकणारी. मनगटावर जुने निळसर डाग. मी विचारते, "मावशी, किती बाटल्या लावल्यात आजवर?" उत्तर ठरलेलं असतं. "मोजल्यात कुठं बाई? अंगात जीव राहिला नाही की लावते एखादी."

ताकदीची बाटली. आमच्या सोलापूर जिल्ह्यात हाच शब्द. साध्या सलाईनमध्ये मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की ती पिवळीधमक होते आणि पेशंटला तेवढ्यानंच बरं वाटायला लागतं. त्याहून महाग ती अमिनो अॅसिडची छोटी बाटली. तिला "प्रोटीनची" म्हणतात.

या बाटल्यांत नक्की असतं काय, ते एकदा नीट मांडते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. चहाचे पाच चमचे. त्यातून मिळतात जेमतेम १०० कॅलरी, एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त असतात. नॉर्मल सलाईन असेल तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, ताकद शून्य. पाच टक्क्यांच्या २०० मिली अमिनो अॅसिडच्या बाटलीत १० ग्रॅम अमिनो अॅसिड. दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रोटीन असतं. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांत १० ग्रॅम. आपलं पोट ते शेंगदाणे पचवून त्यांची अमिनो अॅसिडच करतं आणि रक्तात सोडतं. बाटली फक्त पोटाचं तेवढं काम वाचवते, तेही ज्याचं पोट ठणठणीत आहे त्याचं. आणि पिवळ्या बाटलीनंतर लघवी गर्द पिवळी होते, तो बी-२ चा रंग. शरीराला नको असलेलं जीवनसत्त्व बाहेर पडतंय, आपण पैसे देऊन घेतलेलं.

हे सगळं मी शिकलेले होते. तरी माझ्या आईला तीन वर्षं बाटल्या लागत राहिल्या आणि मी काही बोलले नाही, हे मला आज लिहायचं आहे.

आई गावी. दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर सांगायची, "काल जरा बाटली लावून आले." खुरपणी झाली की बाटली, लग्नसराई उरकली की बाटली. मी म्हणायचे, बरं केलंस. २०१९ च्या दिवाळीत घरी गेले तर ती परसातून स्वयंपाकघरात येताना दोनदा भिंतीला टेकली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरी फटक. दुसऱ्या दिवशी सोबत लॅबमध्ये आणलं. हिमोग्लोबिन ६.४. बाईचं १२ च्या वर हवं.

मशीनवर विश्वास बसेना म्हणून स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली धरली. लाल पेशी बारक्या बारक्या, मधोमध पांढऱ्या, नुसती लालसर कड उरलेली. बांगड्या सांडल्यासारख्या दिसत होत्या. अशा स्लाइडा मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्या दिवशी डोळा आयपीसवरून हलवता येईना.

रात्री विचारलं, "आई, अंगावरून किती जातं?" तिनं आधी दाराकडे बघितलं, बाबा बाहेर आहेत ना ते. मग हळूच म्हणाली, "जातं की आठ-दहा दिवस. गाठीसुद्धा पडतात. बाईच्या जातीला असतंच ते." सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. तीन वर्षं दर महिन्याला रक्त वाहून जात होतं आणि वरून साखरपाणी भरणं चालू होतं. ज्या दवाखान्यात बाटल्या लागल्या तिथं कोणी एकदाही तिला पाळीचं विचारलं नव्हतं, एकदाही रक्त तपासलं नव्हतं. बाटलीचे ४०० रुपये, सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचे, २००. मला त्याचा राग आहे, आणि तो जाणार नाही. पण न विचारणाऱ्यांत मीही होते.

पुढं आईला मी एक प्रश्न विचारला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हटलं, बाटलीनं खरंच बरं वाटायचं का गं? ती म्हणाली, "वाटायचं. दोन तास पडून राहायला मिळायचं."

आमच्या घरात बाई दिवसा आडवी होत नाही. ताप असला तरी भिंतीला टेकून लसूण सोलते. पण हाताला सुई असली की तिला कोणी उठवत नाही. सासू चहा करून आणते, नवरा शेजारी स्टुलावर बसतो, पोरं आवाज करत नाहीत. दोन दिवस "बाटली लागलीय तिला" म्हणून पाण्याची घागर दुसरं कोणी उचलतं. त्या बाटलीत औषध होतं ते एवढंच, विश्रांती. ती मिळायला घरात दुसरा रस्ता नव्हता म्हणून आई पैसे देऊन हात टोचून घेत होती. लॅबमध्ये येणाऱ्या किती मावश्यांचं हेच असेल, हा विचार आता रोज येतो.

कोणी म्हणेल, मग शिरेतून काहीच द्यायचं नाही का? तसं नाही. माझ्याच आईला नंतर शिरेतून लोह दिलं, गडद तपकिरी रंगाचं, हॉस्पिटलमध्ये, रिअॅक्शन येते का यावर नर्सनं लक्ष ठेवून. सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन १० च्या वर गेलं. फरक इतकाच, की तेव्हा काय कमी आहे आणि का कमी आहे ते माहीत होतं. अमिनो अॅसिडच्या सलाईनलाही तिची जागा आहे. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली ड्युड्रिक या सर्जननं आधी बीगल कुत्र्यांची पिल्लं नुसत्या शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली, मग जिचं आतडं जवळजवळ नव्हतंच अशा नवजात मुलीला तसंच अन्न दिलं. ज्याच्या पोटात अन्न उतरूच शकत नाही त्याच्यासाठी हा शोध होता. दोन वेळा भाकरी खाणाऱ्या बाईसाठी नव्हे.

तोंडानं घेतलेलं अंगी लागत नाही, शिरेतून गेलेलंच लागतं, ही आपल्याकडची पक्की समजूत. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून लोकांना तोंडानं पाजलं. हजारो माणसं जगली. कॉलऱ्यात पाजलेलं पाणी अंगी लागतं, मग साध्या थकव्यात वरण-भात का लागणार नाही?

शहरात हेच आता वेगळ्या नावानं चालतं. पुण्यातली माझी मामेबहीण रात्रपाळी करते. तिनं खुर्चीत पाय पसरून व्हिटॅमिन सी, बी कॉम्प्लेक्स आणि मॅग्नेशियमची ड्रिप घेतली, हजारो रुपये देऊन. या मिश्रणाला मायर्स कॉकटेल म्हणतात, बाल्टिमोरच्या जॉन मायर्स नावाच्या डॉक्टरांवरून. ते १९८४ साली गेले. धडधाकट माणसाचा थकवा त्यानं जातो याचा भक्कम पुरावा आजही नाही. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१८ साली अशा ड्रिपच्या खोट्या दाव्यांवर कारवाईसुद्धा केली. बहिणीचे सगळे रिपोर्ट मी स्वतः बघितले, नॉर्मल आहेत. ती दिवसा साडेचार तास झोपते, तेही तुकड्यातुकड्यानं. तिला झोप हवी आहे.

आणि धोका नाही असं समजू नका. हृदय किंवा किडनी अशक्त असेल तर अर्धा-एक लिटर पाणी वेगानं गेलं की फुप्फुसात साचू शकतं. किडनी किंवा लिव्हर बिघडलेल्याला अमिनो अॅसिड बेतानंच द्यावं लागतं. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या लाल पेशी जास्त मात्रेच्या व्हिटॅमिन सीनं फुटतात. गुजरातेत मोडासाला २००९ साली हेपेटायटिस बी पसरला तो पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून.

माझ्या कामाशी लागून असलेली एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. बरेच जण आधी बाटली लावतात आणि दोन दिवसांनी तपासायला येतात. बी-१२ नुकतंच टोचलेलं असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये ते भरपूर दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते. पायाला मुंग्या येतच राहतात. बायोटिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेतला असेल तर काही मशीनवर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, खोटा कमी येतो, म्हणजे थायरॉइड कमी पडणारा पेशंट नॉर्मल ठरू शकतो. म्हणून आधी रक्त द्या, मग काय ते टोचा. आणि काही टोचलं असेल तर रक्त देताना आम्हाला सांगा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला. महाराष्ट्रात ५४ टक्के. तुमच्या घरात कोणी "दमले गं" म्हणत असेल तर सीबीसी, टीएसएच, बी-१२ आणि साखर एवढं तरी बघून घ्या. हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. पाळीचं विचारा, दार लावून विचारा.

सीबीसीला उपाशी यावं लागत नाही. मावश्या पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेता येतात आणि शीर सापडेपर्यंत भोवळ येऊन बसतात. साखर उपाशीपोटी बघायची नसेल तर जेवून या, तांब्याभर पाणी पिऊन या. शीर लवकर सापडते.