जळकं ऑइल, घासलेले रेकर, काढलेला ब्रेक: चेनसॉच्या व्हायरल सल्ल्यांना उत्तर

झाडं उतरवणाऱ्या, जंगलात ओंडके पाडणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर एक संदेश जोरात फिरतोय. चेनसॉ वर्षानुवर्षं टिकवण्याचे 'कंपनीवाले सांगणार नाहीत असे' उपाय त्यात दिलेत. थोडक्यात ते असे: बारच्या, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या ऑइलवर पैसे घालवू नका, गाडीचं जळकं ऑइल ओता. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल दुप्पट टाका, इंजिन थंड राहील. चेन कापत नसेल तर दातांपुढचे रेकर घासून काढा. चेन ब्रेक मशीनला अडवतो, तो काढून टाका. मशीन ठेवून देताना टाकी काठोकाठ भरा. एअर फिल्टर रोज साफ करा. आणि वर शेरा, की पुस्तिकेत जे लिहितात ते पार्ट खपवण्यासाठी.

फिल्टरचं म्हणणं बरोबर आहे. फक्त तो झटकताना किंवा हवेनं फुंकताना आतून बाहेर फुंकायचा, नाहीतर भुसा जाळीत आणखी खोल बसतो. बाकीचे सल्ले मात्र धोक्याचे आहेत, आणि ते पुढे पाठवणाऱ्यांत हातात मशीन धरणारे पुष्कळ आहेत म्हणून हे लिहितोय. मशीन बंद पडलं की दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे फुकटचा उपाय कुणालाही बरा वाटतो. पण या उपायांचा खर्च शेवटी चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.

सगळ्यात घातक सल्ला रेकरचा, म्हणून तो आधी.

चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, तो रेकर. दात लाकडात किती खोल शिरणार हे तो ठरवतो. बहुतेक 3/8 आणि .325 पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप) चेनला दाताच्या टोकापेक्षा रेकर साधारण 0.65 मिलिमीटर खाली असावा लागतो. धार लावत गेलं की दात मागे सरकतो आणि त्याचा माथा मागे उतरता असल्यामुळे दाताची उंचीही घटते. म्हणून दर काही धारांनंतर रेकर थोडा उतरवावाच लागतो. संदेश लिहिणाऱ्यानं बहुधा हे कुठेतरी पाहिलं आणि 'थोडा' हा शब्द गाळला. गेज म्हणजे मापाची पट्टी न लावता, डोळ्याच्या अंदाजानं रेकर घासले की दात गरजेपेक्षा खोल चावतो. पहिले काही काप झपाट्यानं जातात, त्यामुळे उपाय लागू पडला असं वाटतं. मग मशीन हातात धडधडायला लागतं, क्लच आणि बारवर ताण येतो, आणि बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की मिळणारा झटका पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात येतो.

त्या झटक्याचा हिशेब करून पाहू. 3/8 पिचची चेन आणि सात दातांचं स्प्रोकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चक्र, धरलं तर एका फेऱ्यात चेन सुमारे 133 मिलिमीटर पुढे जाते. इंजिन मिनिटाला 10,000 फेरे घेत असेल तर चेनचा वेग सेकंदाला 22 मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी 80 किलोमीटर. बार उसळून चेहऱ्याकडे यायला सेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. तेवढ्या वेळात चेन दोन मीटरहून जास्त धावलेली असते. माणसाचा हात एवढ्या वेळात काहीच करू शकत नाही.

चेन कापत नाही याचं खरं कारण दहातल्या नऊ वेळा मशीनखाली पडलेलं असतं. ते बघा. धारदार चेन जाडसर ढलप्या फेकते, बोथट चेन पिठासारखा भुसा. पीठ पडायला लागलं, मशीनवर जोर द्यावा लागला किंवा कापातून धूर आला, की थांबून धार लावायची. बोथट चेननं तसंच रेटलं तर कंप वाढतो, आणि वर्षानुवर्षं कंप खाल्लेल्या बोटांना गारठ्यात मुंग्या येतात, ती पांढरी पडतात. ते नुकसान भरून येत नाही.

धार लावायला लागते एक गोल कानस, तीही पिचनुसार: .325 ला 4.8 मिलिमीटर, 3/8 ला कंपनीप्रमाणे 5.2 किंवा 5.5, आणि लहान मशीनच्या बुटक्या 3/8 ला 4. बार शिकंज्यात किंवा खाच पाडलेल्या ओंडक्यात घट्ट बसवा. सगळ्यात झिजलेला दात शोधा, कारण बाकीचे त्याच्या लांबीला आणायचेत. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलून घ्यायची. कोन बहुतेक चेनना 30 अंशांचा, आणि बऱ्याच दातांच्या माथ्यावर त्याची रेघ कोरलेलीच असते. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसत राहिला पाहिजे. दोन-तीन हात पुरतात. बोथट दाताच्या टोकावर उजेडात एक चकचकीत रेघ दिसते. ती नाहीशी झाली की दात तयार. मग एका बाजूचे सगळे दात आणि नंतर दुसऱ्या बाजूचे.

दात आळीपाळीनं डावे-उजवे का असतात, त्यामागेही कथा आहे. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं एक अळी बुंध्यातून आडवंतिडवं सहज कापत जाताना पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीनं चालत होते. 1947 मध्ये त्यानं त्याच धर्तीची चेन विकायला काढली, आणि आजच्या चेनचा साचा मुळात तोच आहे. एका बाजूचे दात जास्त झिजले तर काप वळतो तो याच कारणानं. अशा वेळी काही जण बार वाकडा झाला म्हणून नवा बार आणतात. आधी दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी मोजा.

आता जळक्या ऑइलचं. बारला घातलेलं ऑइल परत टाकीत येत नाही. ते चेनबरोबर बाहेर उडतं आणि थेंबन् थेंब माती, लाकूड, कपडे आणि तोंडावर जातो. बारच्या ऑइलमध्ये चिकटपणासाठी खास द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून ताशी 80 किलोमीटरनं बारच्या टोकाला वळसा घेतानाही ते चेनला धरून राहतं. जळक्या ऑइलमध्ये तो चिकटपणा नसतो. असतो तो इंजिनमधून झिजून आलेल्या धातूचा कीस, काजळी आणि आम्ल. तो कीस ऑइल पंपात आणि बारच्या बारीक छिद्रात अडकतो, बार कोरडा पडतो आणि चेन निळी पडेपर्यंत तापते. त्याहून वाईट म्हणजे जळक्या ऑइलमध्ये कॅन्सरला कारण ठरणारी संयुगं असतात. ते तुषार रोज आठ तास कातडीवर आणि श्वासात घेणं म्हणजे वाचवलेले पैसे तब्येतीतून फेडणं. ऑस्ट्रियात तर 1992 पासून चेनला जैवविघटनशील ऑइलच वापरायचा नियम आहे, तिथे साधं खनिज ऑइलही चालत नाही. बारचं ऑइल संपलंच आणि काम अडलंच, तर काही कंपन्यांच्या पुस्तिकेत ईपी 90 गिअर ऑइलची सूट दिलेली असते. ताजं, डब्यातलं. जळकं ऑइल मात्र त्याच पुस्तिकांत स्पष्ट मना केलेलं असतं.

ऑइल पोचतंय का हे बघायला वेळ लागत नाही. मशीन चालू करून बारचं टोक फिकट रंगाच्या ओंडक्यावर वीतभर अंतरावर धरा, टेकवू नका, आणि रेस द्या. लाकडावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर चेन जिच्यातून धावते ती बारची खाच आणि ऑइलचं छिद्र साफ करायची वेळ आली.

टू-टी ऑइल दुप्पट टाकण्याचा सल्ला ऐकायला पटतो, कारण कमी ऑइलनं पिस्टन जाम होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण 50 ला 1 चं मिक्स, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, हे चांगल्या ऑइलसाठी नीट ठरवलेलं प्रमाण आहे. 25 ला 1, म्हणजे 40 मिलिलिटर, हे साध्या ऑइलसाठी काही कंपन्या सांगतात. मशीनला 50 ला 1 सांगितलेलं असताना दुप्पट टाकलं तर जादाचं ऑइल पूर्ण जळत नाही. प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी कोंदते, पिस्टनच्या रिंगा काजळीनं चिकटतात. कोंडलेल्या धुरामुळे इंजिन थंड राहण्याऐवजी उलट तापतं. थंडावा मिळतो तो फ्लायव्हीलच्या पंख्याचा आणि सिलिंडरवरच्या पातळ पात्यांचा. त्या पात्यांमध्ये बसलेला भुसा काढा.

चेन ब्रेकबद्दल फार लिहायला लागू नये. वर सांगितलेला झटका आला की मनगट पुढच्या मुठीसमोरच्या ब्रेकच्या दांडीवर आदळतं किंवा झटक्याच्या जोरानंच तो ब्रेक लागतो, आणि चेन क्षणात थांबते. तो 'अडवतो' असं वाटतं, त्याची कारणं ठरलेली: ब्रेक लावलेला असतानाच दणकून रेस दिली आणि क्लच जळला, किंवा कव्हरखाली चीक आणि भुसा थापला गेला. कव्हर उघडून ब्रशनं साफ करा. रोज कामाआधी मशीन घट्ट जागी ठेवून, दोन्ही हातांनी धरून रेस द्या आणि डाव्या मनगटानं दांडी पुढे ढकला. चेन जागेवर थांबली नाही तर ते मशीन त्या दिवशी कामावर नेऊ नका. मशीन सुरू करताना मात्र ब्रेक लावलेलाच हवा.

टाकी भरून ठेवण्याचा सल्ला लोखंडी टाकीच्या वाहनांवरून आलेला दिसतो. चेनसॉची टाकी सहसा प्लास्टिकची असते, तिला गंज कसला लागणार? इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पडून राहिलं की हवेतलं पाणी ओढतं, कार्बोरेटरचे पातळ पडदे कडक होतात आणि मागे राहिलेलं ऑइल चिकट होतं. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

राहिला पार्ट खपवण्याचा आरोप. चेन, बार आणि स्प्रोकेट विकण्यात कंपनीचा फायदा आहेच. पण पुस्तिकेतली कितीतरी कामं पार्टचं आयुष्य वाढवणारी आणि बिनखर्चाची आहेत. धार लावली की बार उलटा करून बसवायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. बारची खाच पातळ पट्टीनं खरवडायची. कडेला बाहेर आलेला धारदार काठ चपट्या कानशीनं काढायचा. आणि काम संपलं की चेन थोडी सैल करून ठेवायची. तापलेली असताना ताणलेली चेन थंड झाली की आकसते, आणि तिचा ओढा रात्रभर क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगवर राहतो. सकाळी पुन्हा ताणताना बारच्या खालच्या कडेला चेन टेकलेली हवी, पण हातमोजा घालून ती हातानं सहज ओढता आली पाहिजे.