राँग साइडने सायकल चालवायला सांगणारा तो संदेश कृपया पुढे पाठवू नका

‘सायकलस्वारांनो, जीव वाचवा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. भाचीने नुकतीच क्लासला सायकलने जायला सुरुवात केली, आणि घरातल्याच कुणीतरी ‘हे नक्की पाळ’ असं वर लिहून तिला तो पाठवला. त्यात सहा सूचना आहेत. वाहतुकीच्या उलट दिशेने चालवा, म्हणजे समोरची गाडी दिसते. रस्त्याच्या कडेला अगदी चिकटून राहा, फुटपाथ मिळाला तर उत्तमच. रात्री निऑन रंगाचं जाकीट घातलं की दिव्याची गरज नाही. दिवा लावलाच तर लुकलुकणारा, प्रखर आणि थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांवर. सिग्नलला मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जाऊन थांबा. इअरफोन घालू नका.

शेवटची सूचना बरोबर आहे. उरलेल्यांपैकी पहिली आणि पाचवी जिवावर बेतू शकते. खाली सगळीकडे वाहतूक डावीकडून चालते असं धरलं आहे. उजवीकडून चालत असेल तिथे बाजू उलट करून वाचा.

‘उलट दिशेने चालवा, समोरची गाडी दिसते’

हा नियम पायी चालणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. फुटपाथ नसेल तर वाहनांकडे तोंड करून चालावं. पण पायी चालणारा ताशी ५ किलोमीटरने जातो, जागच्या जागी थांबतो आणि एका पावलात रस्त्याखाली उतरतो. सायकलला असं बाजूला पाऊल टाकता येत नाही. ताशी २० किलोमीटरच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकनेही, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत दहाएक मीटर जातात.

आता साधा हिशेब करू. गाडी ताशी ५०, सायकल ताशी २०. दोघं एकाच दिशेने जात असतील तर अंतर ताशी ३० च्या वेगाने कमी होतं. समोरासमोर असतील तर ताशी ७० च्या. ड्रायव्हरला सायकल ६० मीटरवर दिसली, तर पहिल्या वेळी त्याच्या हातात सात सेकंद असतात, दुसऱ्या वेळी जेमतेम तीन. त्यातला दीडेक सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. आणि धडक झालीच तर तिची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० च्या जागी ७० म्हणजे पाचपटीहून जास्त.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मागून येणाऱ्या गाडीला थांबावंच लागत नाही. ती वेग २० वर आणते, थोडा वेळ मागे राहते, जागा मिळाली की ओव्हरटेक करते. समोरून येणाऱ्या गाडीने वेग २० वर आणला तरी दोघं एकमेकांवर चालून येतच असतात. तिथे दोघांनी पूर्ण थांबायचं, नाहीतर कुणीतरी रस्त्याच्या मध्ये सरकायचं, एवढंच शिल्लक उरतं. त्याच कडेने बरोबर दिशेने येणारा दुसरा सायकलस्वार असेल तर मध्ये सरकणारा बहुधा तोच असतो. म्हणजे नियम पाळणाऱ्यालाच वाहतुकीत ढकललं जातं.

पण सगळ्यात जास्त घात होतो तो चौकात आणि गल्लीच्या तोंडाशी. गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो, कारण त्याच्या बाजूची वाहनं तिकडूनच येतात. उजवीकडे मोकळं दिसलं की मान तशीच ठेवून तो गाडी पुढे घेतो. राँग साइडने येणारी सायकल त्या क्षणी त्याच्या डावीकडून, बॉनेटच्या समोर आलेली असते. मुख्य रस्त्यावरून उजवीकडच्या गल्लीत वळणाऱ्याचंही तेच. तो समोरून येणाऱ्या गाड्यांचा अंदाज घेत असतो, आणि राँग साइडची सायकल त्याच्या उजव्या खांद्यामागून येते. शिवाय उलट दिशेने जाणाऱ्याला बऱ्याच पाट्यांची आणि सिग्नलची फक्त पाठ दिसते.

हे नुसते तर्क नाहीत. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहरात चौकांमध्ये सायकल आणि मोटारीच्या ज्या धडका झाल्या, त्यांचा वॉक्टेल आणि लुइस्टन यांनी केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. किती सायकली कुठल्या दिशेने जातात आणि त्यांतल्या किती अपघातात सापडतात, याची त्यांनी तुलना केली. वाहतुकीच्या उलट दिशेने जाणाऱ्यांचा धोका सरळ दिशेने जाणाऱ्यांच्या सरासरी ३.६ पट निघाला. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी निदान हा एक आकडा लक्षात ठेवावा.

रात्री तर प्रकरण आणखी बिघडतं. मागचा लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर भलत्याच दिशेला तोंड करून असतात, आणि समोरच्या प्रत्येक हेडलाइटने डोळे दिपल्यामुळे चाकापुढचा खड्डाही दिसत नाही.

यात अर्धसत्य आहे ते एवढंच: मागून धडक बसण्याची भीती खोटी नाही. अंधाऱ्या, वेगवान रस्त्यांवर अशा धडका होतात आणि त्या गंभीर असतात. त्यावर उपाय म्हणजे मागचा दिवा, हँडलच्या उजव्या टोकाला आरसा आणि मागे वळून बघण्याचा सराव. हा सराव मोकळ्या मैदानावर, आखलेल्या रेषेवरून करा. उजवीकडे मान वळवली की उजवा हात हँडल ओढतो आणि सायकल उजवीकडे, म्हणजे थेट गाड्यांच्या रेषेत जाते. म्हणून कोपर सैल ठेवा, किंवा उजवा हात काढून मांडीवर ठेवा आणि मग मान वळवा. रेष न सोडता मागचा माणूस किती बोटं दाखवतोय हे सांगता आलं, की रस्त्यावर जायला हरकत नाही.

‘कडेला चिकटून राहा’

कडेलाच गटाराची झाकणं, वाळू, काचा आणि डांबराची तुटलेली धार असते. सायकल तिथे असली की त्याच लेनमधून घुसून पुढे जाता येईल असं ड्रायव्हरला वाटतं, आणि तो हँडलला घासून जातो. खड्डा आला की सायकलस्वाराला अचानक उजवीकडे यावं लागतं, नेमकं त्याच वेळी. कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. लेन इतकी अरुंद असेल की गाडी आणि सायकल एकत्र मावत नाहीत, तर तेवढ्यापुरतं लेनच्या मध्ये या. मागच्याला थोडं थांबावं लागेल, ते चालेल. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून साधारण हेच लिहिलं आहे: शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ लेनच्या मध्ये, एरवी कडेपासून किमान अर्धा मीटर.

उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एक मीटरहून जास्त अंतर ठेवा, कारण कारचं दार साधारण तेवढं उघडतं. दाराची कड हँडलच्या टोकाला लागली की हँडल दाराकडे वळतं आणि माणूस विरुद्ध बाजूला, चालत्या गाड्यांसमोर पडतो. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. बाहेर येताना तुम्ही मागच्याला एकदम प्रकट होता.

फुटपाथबद्दल थोडक्यात. वरच्याच अभ्यासात फुटपाथवरून आणि कडेच्या सायकलमार्गावरून जाणाऱ्यांचा चौकातला धोका रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या सरासरी १.८ पट होता. गल्लीतून बाहेर पडणारा ड्रायव्हर फुटपाथवर ताशी १५-२० च्या वेगाने काही येईल अशी अपेक्षाच करत नाही. आणि फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे.

‘निऑन जाकीट असलं की दिवा नको’

दिवसा जाकिटाचा उपयोग आहे, हे मान्य. पहाटे, तिन्हीसांजेला आणि ढगाळ हवेत तर ते जास्तच उठून दिसतं. कारण त्याचा रंग सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशात बदलतो. गाडीच्या हेडलाइटमध्ये असे किरण नगण्य असतात. म्हणून रात्री तेच जाकीट एका साध्या फिकट कपड्यासारखं दिसतं.

रात्री लागते ती प्रकाश आला तिकडेच परत पाठवणारी रेडियमची पट्टी. ती कुठे लावता यावर बरंच अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी रात्री बंद रस्त्यावर ड्रायव्हरांची चाचणी घेतली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. काळ्या कपड्यातला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखू आला, निऑन जाकिटातला १५ टक्के, रेडियमच्या जाकिटातला ५० टक्के, आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना व गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला ९० टक्के. पेडल मारताना घोटे आणि गुडघे वरखाली होतात, आणि ती हालचाल माणसाचीच आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. तेव्हा दोन्ही घोट्यांना पूर्ण वेढा देणाऱ्या पट्ट्या बांधा. फक्त मागून चिकटवलेली पट्टी बाजूने दिसत नाही.

तरीही दिवा हवाच. हेडलाइट पट्टीवर पडला तरच ती चमकते. गल्लीच्या तोंडाशी आडव्या उभ्या गाडीचा झोत तुमच्यावर पडलेलाच नसतो.

‘लुकलुकणारा, प्रखर, थेट डोळ्यांवर’

ज्याचे डोळे दिपले आहेत त्याला तुम्ही किती लांब आहात हे कळत नाही. पुढच्या पांढऱ्या दिव्याचा झोत रस्त्यावर पडला पाहिजे. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर असेल तर झोताचा मध्य भिंतीवर ४५ ते ६५ सेंटीमीटरच्या दरम्यान दिसायला हवा. म्हणजे तो रस्त्याला साधारण १० ते १८ मीटरवर टेकतो. हँडलवरचा पट्टा सैल असेल तर दोन खड्ड्यांत दिवा खाली झुकतो, म्हणून पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून आवळा.

लुकलुकणारा दिवा दिवसा लक्ष वेधतो. रात्री मात्र प्रत्येक अंधाऱ्या क्षणात बघणाऱ्याचा अंतराचा आणि वेगाचा अंदाज तुटतो. जर्मनीत सायकलला असा दिवा लावायला परवानगीच नाही. मागे दोन दिवे लावायचे असतील तर एक स्थिर आणि दुसरा लुकलुकणारा ठेवा. एकच असेल तर स्थिर. तो सीटच्या दांड्यावर, सरळ मागे तोंड करून लावा. मग पाठीवर सॅक, अंगात रेनकोट आणि कॅरियरवर सामान असतानाच कुणाला तरी ५० मीटर मागे उभं करून तपासा. बहुतेक वेळा दिवा चालू असतो आणि रेनकोटाच्या शेपटाखाली झाकलेला असतो.

‘मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जाऊन थांबा’

हे अजिबात करू नका. ट्रक आणि बस डावीकडे वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याला घासून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत. सुरुवातीला ड्रायव्हर गाडी थोडी उजवीकडे घेतो, त्यामुळे डावीकडे जागा झाली असं वाटतं, आणि काही सेकंदांत तीच जागा मिटते. केबिनच्या डाव्या बाजूला लागून आणि बंपरच्या अगदी पुढे उभी असलेली सायकल उंच बसलेल्या ड्रायव्हरला बऱ्याचदा दिसतही नाही. मोठ्या गाडीच्या मागे, तिचा आरसा दिसेल इतक्या अंतरावर, लेनच्या मध्ये थांबा. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तुम्ही आधीपासून उभे असताना ती शेजारी येऊन थांबली तर सायकलवरून उतरा आणि फुटपाथवर जा.

इअरफोन

इथे संदेश बरोबर आहे, एका कानातलाही नको. पण आवाज आला नाही म्हणजे मागे कुणी नाही, असं धरून वळू नका. कमी वेगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांचा आवाज जवळपास येतच नाही, आणि वारा समोरून असेल तर मागच्या पेट्रोल गाडीचाही उशिरा येतो. वळण्याआधी दरवेळी मान वळवून बघा, हात दाखवा, आणि मागचा वेग कमी करतोय हे दिसल्यावरच सरका.