‘न्यायाधीश फक्त कलम वाचतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

कॉमन लॉ (इंग्लंडसारखी, जुन्या निकालांवर उभी पद्धत) आणि सिव्हिल लॉ (फ्रान्ससारखी, लिखित संहितेवर उभी पद्धत) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. “इंटरनेट चाळून लिहिलेलं दिसतंय”, “आधी शिका, मग शिकवा” आणि शेवटी हात जोडल्याचं चिन्ह. एवढा खवचटपणा कशासाठी? अनोळखी माणसाशी बोलायची काही रीत असते की नाही?

स्कॉटलंडची, या दोन्हींची मिश्र पद्धत लेखात सांगायची राहून गेली, मान्य. तेवढं श्रेय तुमचं.

आता तुमचं ते वाक्य: “सिव्हिल लॉच्या देशांत न्यायाधीश फक्त कलम वाचतो, जुन्या निकालांना काडीची किंमत नाही.” परीक्षेच्या गाइडात असंच असतं. निकालाच्या आडून सर्वसाधारण नियम घालून द्यायला फ्रेंच दिवाणी संहितेचं कलम ५ मनाई करतं, हे मलाही ठाऊक आहे हो. पण त्याच्या आधीचं कलम ४ पाहिलंत? कायदा गप्प आहे, संदिग्ध आहे, अपुरा आहे, अशी सबब सांगून निकाल टाळणाऱ्या न्यायाधीशावरच कारवाई होऊ शकते. नियम करायचा नाही आणि नियम नाही म्हणून हात वरही करायचे नाहीत. मग त्याने करायचं काय?

तो काय करतो, ते फ्रान्समधल्या १९३० च्या जांदर खटल्यात बघा. रस्ता ओलांडणाऱ्या मुलीला ट्रकने उडवलं. चालकाची चूक तिच्याच बाजूने सिद्ध करावी, असं अपील न्यायालयाचं म्हणणं. १८०४ च्या संहितेत मोटार कुठून असणार? होती एक ओळ: आपल्या ताब्यातल्या वस्तूंमुळे झालेल्या नुकसानीला आपण जबाबदार. पुढच्या जनावरांच्या आणि कोसळणाऱ्या इमारतींच्या कलमांची ती नुसती प्रस्तावना. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या ओळीतून अख्खा नियम उभा केला. वस्तू ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. ‘माझी चूक नव्हती’ एवढ्यावर सुटका नाही, बाहेरचं अनिवार कारण दाखवावं लागेल. मोटार अपघातांसाठी संसदेने वेगळा कायदा केला तो थेट १९८५ मध्ये. तोवरचे दावे काय काडीवर चालले?

माझी उमेदीची वर्षं दोन्हीकडच्या वकिलांबरोबर करारांवर घासाघीस करण्यात गेली. समोरचा फ्रेंच वकील लाल जिल्दीची संहिता उघडायचा. कलम दोन ओळींचं, खाली बारीक टायपात निकालांच्या टिपांची पानंच्या पानं. त्याचं बोट फिरायचं ते टिपांवर. तुम्ही कधी बसला आहात अशा टेबलाला?

फरक नाही, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. इंग्लंडमध्ये वरच्या न्यायालयाचा एकच निकाल खालच्याला बांधतो. तिथलं तेव्हाचं सर्वात वरचं न्यायालय म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स; त्याने तर स्वतःचाच जुना निकाल बाजूला सारायची मोकळीक स्वतःला १९६६ पर्यंत दिली नव्हती. फ्रान्समध्ये तसं बंधन नाही, पण एकाच दिशेने निकाल येत गेले की खालची न्यायालयं सहसा वाट सोडत नाहीत. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात हे लिहिलं होतं. तिथवर पोचला असतात तर दिसलं असतं.

तुम्ही काढलेलं ज्युरी, तपास न्यायाधीश वगैरे सगळं फौजदारी बाजूचं. लेख दिवाणी जबाबदारीवर होता. “अमेरिकेचं काय?” हा तुमचा प्रश्न मी सोडून देतो.

जांदरचा निकाल जेमतेम पानभराचा आहे. तेवढा वाचून या, मग बोलू.